लखलखाटाने येणारी आकडी: मेंदूत काय होतं, ईईजी काय सांगतो आणि गोळी कोणती

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. गेल्या वर्षी विसर्जनाला नाशिकला मामाकडे आली होती. मिरवणुकीत डीजेच्या गाडीसमोर उभी असताना दिवे लखलखायला लागले आणि ती जागच्या जागी कोसळली. अंग ताठ झालं, मग झटके आले, दोनेक मिनिटं. नंतर थंडीत एकदा संध्याकाळी वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून क्लासहून येत असताना, द्राक्षबागांच्या कडेने, तिचे दोन्ही हात अचानक उडाले आणि पिशवी रस्त्यावर पडली. ईईजीत, म्हणजे डोक्यावर वायर लावून मेंदूतले विजेचे तरंग टिपणाऱ्या तपासणीत, उजेडाला ‘प्रतिसाद’ आला. एका डॉक्टरांनी आकडीसाठी व्हॅल्प्रोएट हे औषध लिहून दिलं. दुसऱ्यांनी ईईजी पाहून लेव्हेटिरासिटाम हे दुसरं औषध सांगितलं. दोन्ही चिठ्ठ्या फ्रिजवर ठेवल्या आहेत आणि कोणतं खरं ते ठरेना म्हणून पंधरा दिवसांत एकही गोळी दिलेली नाही. टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलगी आतल्या खोलीत. आईचे प्रश्न असे: हे मोबाईलमुळे झालं का? तपासणीत तो दिवा डोळ्यांवर मारला त्याने मेंदूला इजा झाली का? कोणती गोळी, किती वर्षं? आणि पुढे तिच्या लग्नाचं कसं?

ताई, मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्या डॉक्टरांची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही. पण नाशिकमध्ये मेंदूविकारांची प्रॅक्टिस करताना बावीस वर्षं मी अशी मुलं बघते आहे, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. दोन डॉक्टरांची मतं जुळत नाहीत म्हणून गोळीच न देणं, हा तुमच्यासमोरच्या तीन पर्यायांतला सगळ्यात धोक्याचा पर्याय आहे. ज्या डॉक्टरांनी ईईजी हातात घेऊन निर्णय दिला त्यांना उद्या सकाळी फोन करा, गोळी चालू झालेलीच नाही हे स्पष्ट सांगा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात करा. बाकीचं सावकाश वाचा.

मोबाईलने हा आजार होत नाही. मेंदूची ही ठेवण बहुतेक वेळा आनुवंशिक असते. अशा काही रुग्णांमध्ये सीएचडी-२ नावाच्या जनुकात बदल सापडले आहेत, पण बहुतेकांत एकच एक जनुक बोट दाखवून सांगता येत नाही. साधारण ४,००० माणसांमागे एकाला उजेडाने चाळवणारी आकडी असते. ती मुख्यतः ७ ते १९ या वयात वर येते, मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा जास्त. म्हणजे तुमची मुलगी अगदी त्या वयात आहे. हे काही आजचं दुखणंही नाही. कुंभाराच्या फिरत्या चाकाकडे पाहून आकडी येते, असं दुसऱ्या शतकातल्या एका रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे. तेव्हा ना डीजे होता ना मोबाईल. लुकलुकणारा उजेड मात्र होता.

आता मेंदूत काय होतं ते सांगते. डोळे चांगले आहेत, चष्म्याच्या नंबराशी याचा संबंध नाही. डोळ्यांतून निघालेला संदेश डोक्याच्या मागच्या बाजूला, वेणी घट्ट बांधतो साधारण त्या जागेच्या आत, दृष्टीच्या पहिल्या केंद्रात पोचतो. तिथल्या पेशी मुख्यतः फरक टिपतात: काळं-पांढरं, उजेड-अंधार, आत्ता होतं आणि आता नाही. फरक जितका ठळक तितक्या त्या जोरात बोलतात. पण निरोगी मेंदूत याला एक लगाम असतो. फरक एका मर्यादेपलीकडे वाढला की पेशींचा आवाज त्या प्रमाणात वाढत नाही, तिथेच थोपतो. इटलीतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की अशा रुग्णांमध्ये नेमका हा लगाम सैल असतो. फरक वाढत गेला की प्रतिसादही वाढतच जातो.

आपल्याकडच्या माणसाला हे ढोलपथकाने पटकन कळतं. सरावाच्या मैदानावर शंभर ढोल असतात. कोणी दोरी ताणतोय, कोणी एकटाच हात बसवतोय, सगळीकडून वेगवेगळे आवाज येतात. जागा मेंदू बराचसा असाच असतो, प्रत्येक गट आपापल्या कामात. मग ताशावाला ठेका धरतो आणि शंभर ढोल एका क्षणी पडायला लागतात. लुकलुकणारा उजेड हा बाहेरून आलेला ताशा आहे. बहुतेकांच्या मेंदूत दहा-वीस ढोल त्या ठेक्याला लागतात आणि उजेड थांबला की थांबतात. लगाम सैल असला की एकेक करत सगळं पथक ओढलं जातं आणि ताशा थांबला तरी ढोल थांबत नाहीत. मेंदूतल्या चुंबकीय लहरी मोजणाऱ्या यंत्रावर ही एकतालाची तयारी आधीच दिसते. आकडीची लाट उठण्यापूर्वीच, सेकंदाला ३० पेक्षा जास्त वेगाच्या सूक्ष्म लहरी एकमेकींशी जुळायला लागलेल्या असतात.

मागे सुरू झालेला हा ताल पुढे, हातपाय हलवणाऱ्या भागापर्यंत पोचला की हात उडतात. तुमच्या मुलीची पिशवी पडली ती अशी. तो ताल मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सगळीकडे पसरला की मोठी आकडी येते. काही मुलांत मात्र तो मागेच घोटाळतो. मग मूल सांगतं की रंगीत गोळे दिसले, समोरचं पुसट झालं. मान एका बाजूला वळते, उलटी होते, डोकं दुखतं. अशी मुलं अर्धशिशी किंवा पित्त समजून वर्षभर भलत्याच औषधांवर राहिलेली मी पाहिली आहेत. तुमच्या मुलीला कधी असं काही झालं होतं का, हे तिला एकटीला शांतपणे विचारा.

कोणता उजेड वाईट? याला बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे. सेकंदाला १५ ते २० वेळा लुकलुकणारा उजेड बहुतेकांना सगळ्यात जास्त चाळवतो, पण ३ पासून ६० पर्यंत कुठेही एखाद्याची नस सापडू शकते. लुकलुक नजरेच्या जितक्या मोठ्या भागावर पडते तितकी वाईट. अंधारातली आणखी वाईट. गडद लाल रंग सगळ्यात वाईट, कारण डोळ्यातल्या तीन प्रकारच्या रंगपेशींपैकी एकच प्रकार त्याने एकदम चेतवला जातो आणि बाकीच्या दोघांकडून येणारा विरोध उरत नाही. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून दाखवला गेला, काही सेकंदच. त्या रात्री जवळपास ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, बहुतेक मुलंच. त्यातल्या बहुतेकांना त्याआधी कधीही आकडी आली नव्हती. ब्रिटनमध्ये १९९३ साली एका जाहिरातीवरून असंच घडल्यावर टीव्हीसाठी नियम आले होते. ठळक लखलखाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, हा त्यातला मुख्य आकडा. २००८ पासून वेबसाइटच्या जागतिक मार्गदर्शक नियमांतही तोच आहे. गल्लीतल्या मिरवणुकीच्या गाडीवर बसलेल्या दिवेवाल्याला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो, याचं मला दर गणपतीत वाईट वाटतं.

तुम्ही द्राक्षबागेचं लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. डॉक्टर विचारतात टीव्हीबद्दल, आणि आपल्या भागात फिट येते रस्त्यावर. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, क्लास सुटायच्या वेळी तो बाजूने अंगावर येतो. मोटारसायकल ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर ती सेकंदाला ११ मीटर जाते. बागेच्या दोन ओळींत ९ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर धरले, तर सूर्य सेकंदाला चार वेळा झाकला-उघडला जातो. मधले लोखंडी अँगल, ओलांडे, पानं यांनी हा वेग आणखी वाढतो. पुलाच्या कठड्याच्या उभ्या गजांमध्ये एकेक मीटर अंतर असेल तर त्याच वेगाला सेकंदाला ११ लुकलुकी होतात, म्हणजे थेट धोक्याच्या पट्ट्याजवळ. रामकुंडावर पाण्यावर चमकणारं ऊन, दुकानाच्या शटरच्या आडव्या पट्ट्या, मॉलमधल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या ही सुद्धा त्याच कुळातली मंडळी. काही रुग्णांना नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे टक लावून पाहिलं तरी त्रास होतो, लुकलुक नसली तरीही.

आता त्या दिव्याच्या तपासणीबद्दल, कारण तुमच्या मनात तिची भीती बसली आहे. आमच्याकडे मूल येतं तेव्हा तंत्रज्ञ आधी केसांत बोट फिरवून पाहतात. तेल असेल तर परत पाठवतात, केस धुऊन या म्हणून, कारण तेलावर वायर धरत नाही. मग टेपने डोकं मोजून पेन्सिलीने खुणा करतात आणि त्या खुणांवर पांढऱ्या पेस्टने एकवीस छोट्या वाट्या चिकटवतात. मेंदूतून येणारा प्रवाह व्होल्टच्या काही लाखाव्या भागाइतका असतो, म्हणून ही सगळी काळजी. शेवटी खोलीतला उजेड कमी करून डोळ्यांपासून साधारण फूटभर अंतरावर गोल दिवा धरतात आणि ठरावीक वेगाने लुकलुकवतात, प्रत्येक वेग थोडेच सेकंद. कधी डोळे उघडे, कधी मिटायला सांगून. स्क्रीनवर मागच्या भागातल्या रेषा दिव्याच्या तालावर हलतात. ते सगळ्यांत होतं, त्यात दोष नाही. मग एखाद्या वेगाला, समजा १६ ला, सगळ्या रेषा एकदम वर उसळतात, टोकदार सुळके आणि त्यामागे रुंद लाट, आणि तंत्रज्ञाचा हात त्याच क्षणी बटणावर जातो. दिवा बंद. बहुतेक वेळा मुलाला काही कळतही नाही, फार तर पापण्या थरथरतात. हे सुळके बटण दाबताच थांबले की तिथेच संपलं. इजा होत नाही. क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून तर ती तपासणी जवळ डॉक्टर आणि औषध असलेल्या ठिकाणी करायची.

या तपासणीला जे मोल आहे ते इतर प्रकारच्या आकडीत नसतं. एरवी आकडीचं औषध लागू पडलं की नाही हे कळायला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, पुढची येते का ते बघत. इथे उंबरठा, म्हणजे कोणत्या वेगाला मेंदू चाळवतो ती सीमा, खोलीत बसून मोजता येतो. कमी वेगाकडून चढत जायचं, सुळके पहिल्यांदा कुठे दिसले ते लिहायचं, मग ६० वरून खाली उतरत यायचं आणि वरची हद्द लिहायची. माझ्याकडच्या एका मुलीची ही हद्द औषधाआधी ९ ते ४० होती. तीन महिन्यांनी १४ ते २० उरली. डोस थोडा वाढवल्यावर एकाही वेगाला काही आलं नाही. तो कागद तिच्या वडिलांनी घडी घालून पाकिटात ठेवला. आकडीवरची नवी औषधं रुग्णांवर पहिल्यांदा तपासतानाही हीच पद्धत वापरतात: एक गोळी द्यायची आणि हद्द किती आकसते ते दर तासाला पाहायचं. नेदरलँड्समधल्या डॉक्टर कास्टेलाइन-नोल्स्ट ट्रेनिते यांनी ती रूढ केली. लेव्हेटिरासिटाम बाजारात येण्याआधी, १९९६ साली त्याचा जो पुरावा छापून आला, तो अशाच रुग्णांवरचा होता.

पण कागदावरचे सुळके म्हणजे आकडी नव्हे, हेही तितकंच खरं. कधीच आकडी न आलेल्या थोड्या निरोगी माणसांतही ते निघतात आणि त्यांना औषध लागत नाही. म्हणून धाकट्या भावाची ‘खात्री करून घ्यायला’ ईईजी काढू नका. त्याला काही होत नसेल तर कागदावरच्या त्या सुळक्यांचं करणार काय? तुमच्या मुलीला मात्र एक मोठी आकडी आली आहे आणि हात उडाले आहेत. तिला औषध हवंच.

त्याआधी तिच्या डॉक्टरांना सांगण्यासाठी एक गोष्ट घरी पाहून ठेवा. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात तिचे हात उडतात का? वेणी घालताना कंगवा सुटतो का, चहा सांडतो का? मुली याला धांदरटपणा म्हणून बोलणी खातात आणि गप्प बसतात. सकाळचे झटके आणि उजेडाचा त्रास असं एकत्र असेल तर किशोरवयात सुरू होणारा एक ओळखीचा प्रकार असतो. तो औषधाला छान दाद देतो, पण गोळी बहुधा खूप वर्षं चालते. उन्हाकडे तोंड करून डोळ्यांसमोर बोटं हलवायची सवय किंवा डोळे मिटताना पापण्या फडफडणं असेल तर तेही सांगा. मोबाईलवर व्हिडिओ काढा. दोन मिनिटांच्या व्हिडिओने मला कित्येकदा फाइलभर कागदांपेक्षा जास्त सांगितलं आहे.

हे न विचारता औषध दिलं की काय होतं ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सोळा वर्षांच्या मुलीला मी कार्बामाझेपिन दिलं. चांगलं, जुनं औषध. पण सकाळच्या झटक्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी आई आली आणि म्हणाली, “डॉक्टर, आता तिला चहा स्टीलच्या पेल्यातच देते, कप राहत नाही हातात.” मेंदूच्या एका जागी सुरू होणाऱ्या आकडीला उपयोगी पडणारी कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन ही औषधं या जातीच्या झटक्यांना वाढवू शकतात. औषध बदललं आणि झटके गेले, पण ते तीन आठवडे तिने माझ्यामुळे काढले. तुमच्या घरात शेजाऱ्यापाजाऱ्याने दिलेली ‘फिटची गोळी’ असेल तर ती अजिबात देऊ नका.

आता तुमच्या दोन चिठ्ठ्या. उजेडाची ही लाट दाबण्यात व्हॅल्प्रोएट सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खात्रीचं. त्याचा गुण १९६३ साली फ्रान्समध्ये योगायोगाने कळला. दुसरी औषधं विरघळवायला ते द्रावक म्हणून वापरत होते आणि काहीही त्यात मिसळलं तरी प्राण्यांची आकडी थांबते असं दिसलं. ते घेणाऱ्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ईईजीतला उजेडाचा प्रतिसाद पूर्ण जातो. मुलगा असता तर मीही बहुधा तेच लिहिलं असतं. पहिल्या डॉक्टरांनी चूक केली असं म्हणू नका, त्यांनी आकडीचा विचार केला.

मुलगी आहे म्हणून गणित बदलतं. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, पाळी अनियमित होऊ शकते, अंडाशयात गाठी होण्याची शक्यता वाढते. यकृतावर क्वचित पण गंभीर परिणाम होतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गरोदरपणात ही गोळी चालू असेल तर दर दहा बाळांपैकी साधारण एका बाळात जन्मजात मोठा दोष असतो, आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येतात. चौदाव्या वर्षी हा विचार कशाला, असं तुम्हाला वाटेल. ही गोळी सहा-आठ-दहा वर्षं चालणारी आहे. आज बसलेली गोळी बाविसाव्या वर्षी, लग्नानंतर, घाईघाईने बदलायला जाऊन आकडी परत आलेल्या मुली माझ्यासमोर बसल्या आहेत. तो बदल आधीच टाळता आला तर टाळावा. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा लेव्हेटिरासिटामचा निर्णय मला पटतो. ते पेशींच्या टोकाला रसायनाच्या पिशव्या सोडण्याच्या यंत्रणेवर काम करतं, उजेडाच्या लाटेवरही चालतं, गरोदरपणात त्याचा धोका बराच कमी आहे आणि इतर औषधांशी फारसं भांडत नाही.

त्याचा त्रास वेगळ्या ठिकाणी होतो: स्वभावात. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत मुलगी चिडचिडी झाली, दार आपटायला लागली, उगाच रडायला लागली, जगणं नकोसं वाटतं असं काही बोलली, तर ‘वयात आलीय’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोस कमी करून किंवा बदलून हे जातं. ते सोसवत नसेल तर पुढचे पर्याय आहेत. लॅमोट्रिजिन मनाला हलकं असतं, पण डोस अगदी सावकाश, आठवड्या-आठवड्याने चढवावा लागतो. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, आणि काही जणींचे झटके त्याने वाढतात. क्लोबाझाम जोडीला छान चालतं, सुस्ती आणतं. सगळं करून आकडी थांबेना तर व्हॅल्प्रोएटकडे परत यायचं, शक्य तितक्या कमी डोसवर, आईला आणि मुलीला सगळं समजावून, फॉलिक ॲसिड सोबत देऊन. तो दरवाजा बंद नाही.

किती वर्षं? या मुलांपैकी साधारण पाव मुलांचा उजेडाचा त्रास तिशीपर्यंत पूर्ण जातो, बाकीच्यांत राहतो पण औषधाखाली शांत असतो. आकडी न येता काही वर्षं गेली आणि दिव्याची तपासणीही कोरी आली, तर गोळी कमी करण्याचा विचार करता येतो. स्वतःहून, एका दिवसात बंद करायची नाही. यात्रेला निघताना पिशवीत राहिली, परीक्षेच्या आठवड्यात विसरली, अशा चुकलेल्या गोळ्यांनी आलेल्या आकड्या मी सगळ्यात जास्त पाहते.

घरातले निर्बंध निम्म्याहून जास्त उठवा. टीव्ही पाहू दे, खोलीत दिवा चालू ठेवून, सात-आठ फुटांवरून. जुन्या जाड टीव्हीचा पडदाच लुकलुकायचा. आताच्या सपाट टीव्हीत ती अडचण बरीच गेली आहे, पण पडद्यावर जे दाखवतात त्यातला लखलखाट तसाच आहे. मोबाईल लहान असल्याने नजरेचा थोडाच भाग व्यापतो, म्हणून धोका कमी. अंथरुणात अंधारात, डोळ्यांशी धरून नको, आणि झोप मोडून नको. जागरण आणि उजेड एकत्र आले की उंबरठा फार खाली येतो. मिरवणुकीत नेमकं तेच झालं होतं का, हे आठवून पाहा.

आणि तिला एक युक्ती आजच शिकवा. लखलखाट सुरू झाला की एका डोळ्यावर तळवा घट्ट ठेवायचा आणि तोंड फिरवायचं. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर जितका मेंदू चेततो तितका एका डोळ्याने चेतत नाही. नुसते डोळे मिटून उपयोग होत नाही. पापणीतून झिरपणारा उजेड लाल होतो आणि सगळ्या नजरेवर पसरतो, त्याने उलट वाढू शकतं. ही गोष्ट मुलांना कोणीच सांगत नाही. घरी दहा वेळा करून घ्या, म्हणजे वेळेला हात आपोआप जाईल. इटलीत ६१० रुग्णांवर एका खास गडद निळ्या काचेचा प्रयोग झाला होता. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांचा ईईजीतला प्रतिसाद त्या काचेने नाहीसा झाला. चष्म्याच्या दुकानात मिळणारी ‘ब्लू-कट’ काच ही ती नव्हे. ती निळा अडवते आणि लाल येऊ देते, तुम्हाला हवं त्याच्या अगदी उलट. निळी काच घ्यायचीच असेल तर ईईजीच्या खोलीत ती लावून तपासल्यावरच. उन्हाच्या आणि पाण्याच्या चकाकीसाठी साधा पोलराइज्ड गॉगल उपयोगी पडतो.

आकडी पूर्ण आटोक्यात येईपर्यंत मोटारसायकलवर मागे बसवू नका. हात उडाला तर पकड सुटते. एसटीत किंवा रिक्षात, उन्हाच्या उलट बाजूला बसू दे. विहिरीवर एकटी नको, न्हाणीघराला आतून कडी नको. आकडी आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, नाकाशी कांदा किंवा चप्पल नको. आकडी आपली आपण दोन मिनिटांत थांबते आणि यश कांद्याला जातं. पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे, जो डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात आणि दप्तरात ठेवायचा, आणि लगेच दवाखाना. शाळेत वर्गशिक्षिकेला हे सगळं दाखवून ठेवा. बाईंना माहीत असलं की मुली घाबरत नाहीत.

लग्नाचं विचारलंत. आकडी असणं हे हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत विवाहाच्या आड येणारं कारण होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढलं. लपवू नका, योग्य वेळी समोरच्यांना सांगा, गोळीसकट. माझ्याकडच्या कितीतरी मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, आई झाल्या. पण ताई, ती नववीत आहे. आत्ता तिला लग्नापेक्षा दहावीची आणि मैत्रिणींची काळजी आहे, आणि इतके दिवस ती आतल्या खोलीत आहे. तिच्याशी बोला. तिला काय झालं हे तिलाच कोणी सांगितलेलं नसतं, असं मी बहुतेक घरांत पाहते.

गोळी सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांनी दिव्यासकट ईईजी परत करा आणि आधीचा रिपोर्ट सोबत न्या. ‘प्रतिसाद आहे’ एवढंच न लिहिता कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत आहे, हे लिहून मागा. तो आकडा आकसला असेल, झोप नीट होत असेल, गोळी चुकत नसेल, तर यंदा मामाकडे येऊ दे. मिरवणूक मामाच्या गच्चीवरून बघू दे, दिवसाउजेडी, ढोलपथकं जातात तेव्हा. ढोलाने काही होत नाही. दिव्यांच्या गाड्या आल्या की तळवा एका डोळ्यावर आणि आत.